बाटलीवरचा आकडा, सिरिंजवरचा आकडा
लेखांक सहावा

बेंगळुरूच्या दक्षिणेला, बोम्मसंद्रा-जिगणी रस्त्यावर बायोकॉनचे विस्तीर्ण आवार आहे. या कंपनीने २००४ मध्ये यीस्टच्या साहाय्याने बनवलेले ‘इन्सुजेन’ हे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. त्याच्या आदल्या वर्षी वोखार्टचे ‘वोसुलिन’ आले होते. पुढे २००९ मध्ये बायोकॉनचे दीर्घकाळ काम करणारे ग्लार्जिन इन्सुलिन आले. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याच कंपनीच्या ग्लार्जिनला मूळ औषधाच्या जागी थेट देता येईल असा दर्जा दिला, आणि तो मिळवणारे ते पहिलेच जैवसमान औषध ठरले. म्हणजे आपल्याकडे इन्सुलिन चांगले बनते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही ते घरात टोचून घेताना जी चूक थेट जिवावर बेतू शकते, तिचा औषधाच्या दर्जाशी काहीच संबंध नाही. ती चूक बाटली आणि सिरिंज यांची जोडी जुळत नाही तेव्हा होते.

भारतात मानवी इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनच्या बाटलीत १०० युनिट असतात. त्यानुसार सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र पुष्कळदा नुसते ‘२० युनिट’ एवढेच असते. आता हिशेब करून पाहा. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर द्रव येतो. बाटली ४० ची असेल तर ते २० युनिट झाले. बाटली १०० ची असेल तर तेवढ्याच द्रवात ५० युनिट शरीरात गेले. उलट ४० ची बाटली आणि नारिंगी टोपणाची सिरिंज असेल, तर २० च्या रेघेवर जेमतेम ८ युनिट मिळतात. साखर चढलेलीच राहते, पुढच्या तपासणीत डोस वाढवला जातो, आणि एखाद्या दिवशी बरोबर सिरिंज हाती आली की तोच वाढवलेला डोस घात करतो. हा दुसरा धोका पहिल्यापेक्षा फसवा आहे, कारण तो आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, ‘इतकी वर्षे घेतोय, कधी काही झाले नाही.’ ते खरेच असते, कारण इतकी वर्षे बाटली आणि सिरिंज दोन्ही तीच होती. चूक होते ती काहीतरी बदलते तेव्हा: रुग्णालयातून घरी येताना इन्सुलिनचा प्रकार बदलला, पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले औषध सिरिंजने ओढले, किंवा मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांनी तिथे बाटली विकत घेतली. बेंगळुरूतल्या मराठी घरांना हा तिसरा प्रसंग काही नवा नाही. अमेरिकेत १९७३ पासून १०० तीव्रतेचे इन्सुलिन आले आणि तेच रूढ झाले. इथून बॅगेत नेलेली लाल टोपणाची सिरिंज त्या बाटलीला चालत नाही. अडीचने भागून किंवा गुणून वेळ निभावता येते हे गणिताने खरे, पण पहाटे, उपाशीपोटी, अंधुक नजरेने ते गणित करावे लागू नये.

मग सरसकट पेनच का वापरू नये? ज्यांना परवडते त्यांनी जरूर वापरावे. त्यात युनिट थेट फिरवून ठरवता येतात. पण बाटली स्वस्त पडते आणि रोज दोन-तीनदा टोचून घेणाऱ्यासाठी हा फरक मोठा असतो. शिवाय पेनमधले औषध सिरिंजने ओढण्याचा मोह हीच धोक्याची वाट आहे. देशभर एकच १०० ची तीव्रता ठेवावी, ही सूचना मला पटते. ब्रिटनने १९८३ मध्ये तसा बदल केला. मात्र ४० च्या इन्सुलिनला द्रव जास्त लागतो, त्यामुळे लहान मुलांचे एक-दोन युनिट मोजायला ते सोपे जाते, हा आक्षेपही रास्त आहे. बदलाच्या काळात दोन्ही प्रकार घरात एकत्र पडून राहतील, तेव्हा तर चुका वाढतील. म्हणून तो दिवस येईपर्यंत औषध दुकानदाराने बाटलीबरोबर तिच्याच तीव्रतेची सिरिंज द्यावी आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर युनिटशेजारी ४० की १०० हेही लिहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

चुकून जास्त इन्सुलिन गेलेच, तर घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवण्याची वाट पाहू नये. शुद्ध असेल तर ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ७० च्या खाली असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. आकडा वर आला तरी निर्धास्त होऊ नये, कारण ग्लार्जिनचा परिणाम दिवसभर टिकतो आणि साखर पुन्हा उतरते. अशा वेळी रुग्णालय गाठावे, आणि बाटली व वापरलेली सिरिंज दोन्ही सोबत न्यावीत. नेमके किती युनिट गेले हे डॉक्टरांना त्यावरूनच काढता येते.