कुरळ्या केसांचा बंदोबस्त

दाट, कुरळे आणि खांद्याला जेमतेम टेकणारे केस जिच्या वाट्याला आले आहेत, तिची सकाळ आणि इतर स्त्रियांची सकाळ यांत घड्याळाच्या हिशेबाने दहा-पंधरा मिनिटांचा व मनस्तापाच्या हिशेबाने त्याहून पुष्कळ अधिक फरक असतो. लांब केसांच्या बाईला अंबाडा घालून मोकळे होता येते, आखूड केसांच्या बाईला कंगवा फिरवला की दिवसभराची निश्चिंती लाभते. परंतु या मधल्या केसांची वेणी घालावी तर बोटभर शेपटा उरतो, मोकळे सोडावेत तर ते तोंडावर येतात, रबर लावावे तर ते तिसऱ्या वेढ्याला तुटते, आणि पिना खोचाव्यात तर दादर येईपर्यंत त्या एकेक करून बाहेर डोकावू लागतात. असे केस जात्याच हट्टी, सबब त्यांना ताणून, चापून, दाबून बसवल्यावाचून इलाज नाही, अशी समजूत घरोघरी रूढ आहे. केशबंधांचा ज्ञात इतिहास आणि केसांची घटना या दोहोंचा कौल मात्र उलटा पडतो. ताणावर उभारलेला बंध कुरळ्या केसांत हटकून फसतो आणि पिळावर उभारलेला बंध त्यांत जितका टिकतो तितका सरळ केसांतही टिकत नाही. या एका सूत्राच्या आधाराने जुन्या-नव्या केशबंधांचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम केसाची घटना पाहू. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात व ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सरळ केसाचा छेद बहुधा वाटोळा असतो, कुरळ्याचा लांबट व चपटा. शिवाय कुरळा केस त्वचेखालच्या ज्या पुटकातून उगवतो ते पुटकच वाकलेले असते. या वळणामुळे टाळूवर स्रवणारे नैसर्गिक तेल केसाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, टोके रुक्ष राहतात, आणि एका केसाचा पृष्ठभाग दुसऱ्याला घासून अडकतो. गुंत्याचे कारण हेच, आणि अंबाडा न सुटण्याचे कारणही हेच. जो गुण कंगव्याच्या वेळी जाच वाटतो तोच बंधाच्या वेळी उपकारक ठरतो. दुसरी गोष्ट पाण्याची. केस आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी शोषून घेऊ शकतो. पाण्याने त्याच्या अंतर्रचनेतील हायड्रोजनचे बंध सुटतात व वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणूनच इस्त्रीने सरळ केलेले केस कोकणच्या पावसाळी हवेत तासाभरात मूळपदावर येतात, आणि म्हणूनच किंचित दमट असताना वळवलेला पीळ वाळल्यावर आपली जागा धरून बसतो.

आपल्या देशात केस वळवून बांधण्याची परंपरा किती जुनी आहे, याची साक्ष मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंचीची ब्राँझची नर्तिका देते. तिच्या अंगावर बांगड्यांव्यतिरिक्त फारसे काही नसले तरी केसांचा जड वळसा मानेमागे रीतसर बांधलेला आहे. यजुर्वेदात सिनीवाली देवीचे वर्णन येते तेथे तिच्या केशरचनेसाठी कपर्द, कुरीर आणि ओपश अशा तीन संज्ञा एकत्र आलेल्या दिसतात. अमरकोशाने तर कबरी, धम्मिल्ल, वेणी आणि कुरळी बट म्हणजे अलक, यांची स्वतंत्र नोंद केली आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हाती आरसा घेऊन प्रसाधन करणारी जी राजस्त्री प्रसिद्ध आहे, तिच्यासमोर उभे राहून त्या लेण्यांतील इतर स्त्रियांचे केशकलाप न्याहाळले, तर चित्रकाराने कुरळेपणा लपवण्याची खटपट कोठेही केलेली नाही, हे ध्यानात येते. सरळ, चोपडे केस हेच सौंदर्याचे एकमेव माप, हा दस्तुर आपल्याकडे फार जुना नाही.

युरोपातील एक उदाहरण येथे मुद्दाम द्यावेसे वाटते. रोमन सम्राज्ञींच्या पुतळ्यांवरील उंच, गुंतागुंतीचे केशबंध हे टोपच असले पाहिजेत, असे विद्वानांचे मत दीर्घकाळ होते. बाल्टिमोर येथील केशरचनाकार जॅनेट स्टीव्हन्स यांनी २००८ साली रोमन पुरातत्त्वाच्या एका नियतकालिकात निबंध लिहून दाखवून दिले की, ते बंध खऱ्या केसांचेच असून सुई-दोऱ्याने शिवलेले असत. लॅटिन ग्रंथांतील ज्या शब्दाचा अर्थ पंडित केसांची पिन असा करीत, तो त्या ठिकाणी शिवणाच्या सुईचा वाचक आहे. पंडितांना जे सुचले नाही ते रोज केस हाताळणाऱ्या बाईला सुचले. आपल्याकडच्या जाणत्या स्त्रियांना मात्र यात नवल वाटण्याचे कारण नाही. वेणीच्या पेडांत आगवळ गुंफून तिचेच टोक अंबाड्याभोवती आवळणे, विरळ केसांत गंगावन मिसळून ते दोऱ्याने पक्के करणे, लग्नाच्या दिवशी फुलांची वेणी खोप्यावर सुईने टाचणे, हे सारे त्याच विद्येचे प्रकार होत. दोरा केसांबरोबर वळतो, त्यांच्याबरोबर सैलावतो व आवळतो. धातूची पिन वा रबर यांना ती मुभा नसते.

मराठी स्त्रीचा अंबाडा मानेवर का, याचे उत्तर शृंगारात शोधण्यापेक्षा श्रमात शोधावे. ससून गोदीतून मासळीची पाटी घेऊन निघणारी कोळीण डोक्यावर चुंबळ ठेवते, चुंबळीवर पाटी. टाळूचा मध्यभाग असा ओझ्याने व्यापलेला असल्यावर अंबाड्याला मानेवाचून दुसरी जागाच उरत नाही. तो तेथे इतका घट्ट बसलेला असतो की दिवसभराच्या चढउतारात त्यावरची फुले कोमेजतात, बंध ढळत नाही. गोव्याकडे अबोलीच्या फाती माळण्याची जी चाल आहे तीही याच सखल अंबाड्यावर शोभते. सुखवस्तू घरांत मूद, राखडी, केवडा, केतक, अग्रफूल असे सोन्याचे जिन्नस फणेरपेटीत असत आणि ते केवळ मिरवण्याचे नसत. अंबाड्याच्या फुलाखालचा काटा केसांच्या वळ्यात शिरून तो धरून ठेवी, म्हणजे दागिना हाच खिळा असे. पुढे या शतकानुशतकांच्या घरगुती विद्येला रंगभूमीने एक वेगळेच वळण दिले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून पुण्या-मुंबईच्या प्रतिष्ठित स्त्रिया लुगडे नेसण्याची व केसांत फुले माळण्याची तऱ्हा उचलू लागल्या. पुरुषाने टोप लावून घातलेला अंबाडा कुलस्त्रियांना आदर्श वाटावा, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील मौजेची नोंद आहे.

हे सर्व बंध लांब केसांसाठी होते. मध्यम लांबीचे केस ही मुख्यतः विसाव्या शतकाची उपज. पाश्चात्त्य देशांत पहिल्या महायुद्धानंतर केस कापण्याची जी लाट आली तिच्याबरोबर दोन पात्यांची काळी पिन घराघरांत पोहोचली. ती आखूड, सरळ, तलम केस चापून बसवण्यासाठी घडलेली होती, आणि तीच पुढे दाट कुरळ्या केसांवर लादली गेली. दैवाची गंमत अशी की कार्ल नेसलर या जर्मन केशकर्त्याने १९०६ साली लंडनमध्ये तापलेल्या पितळी नळ्यांच्या साहाय्याने केस कायमचे कुरळे करण्याचे यंत्र लोकांसमोर मांडले, तेव्हा सरळ केसांच्या स्त्रिया तासन्‌तास त्या यंत्राखाली बसून विकतचा कुरळेपणा घेत होत्या. दुसऱ्या महायुद्धात केशबंधाला थेट सरकारी महत्त्व आले. एका डोळ्यावर केसांची लाट सोडणारी नटी व्हेरोनिका लेक हिचे अनुकरण करणाऱ्या कामगार स्त्रियांचे केस यंत्रांत अडकण्याचा धोका होता, म्हणून १९४३ साली अमेरिकन सरकारच्या विनंतीवरून तिने आपली केशरचना बदलली. केस सुरक्षित बांधणे ही केवळ नटण्याची बाब नव्हे, हे यावरून पटावे.

आता प्रत्यक्ष प्रकारांकडे वळू. सर्वांत त्वरेचा बंध म्हणजे बुचडा. केस मानेवर एकत्र घेऊन एकाच दिशेने पिळीत जावे. पुरेसा पीळ पडला की तो आपण होऊन स्वतःभोवती वेटोळे घालू लागतो, त्याला फक्त वाट द्यावी व टोक खाली खोचावे. येथे पिनेऐवजी आकडे घ्यावेत, आणि ते कसे खोचावेत यातच सारे मर्म आहे. आकड्याची टोके बुचड्याच्या कडेची एक बट पकडून बाहेरच्या बाजूस धरावीत, मग आकडा उलटवून, टाळूलगतचे थोडे केस सोबत घेत, तो बुचड्याच्या मध्याकडे सरकवावा. सरळ आत ढकललेला आकडा केसांच्या दाबाने बाहेर येतो. उलटवून घातलेला आकडा त्याच दाबाने आत रुततो. समोरासमोर घातलेले चार आकडे ओंजळभर पिनांचे काम करतात. काळी पिनच वापरायची झाली तर तिची नागमोडी बाजू टाळूकडे असावी आणि दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या बसवाव्यात. पुष्कळ घरांत ती आयुष्यभर उलटीच लावली जाते.

दुसरा प्रकार दुपेडी पिळाचा. कानामागून केसांचे दोन भाग करावेत, प्रत्येक भाग उजवीकडे पिळावा आणि मग ते दोन्ही एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळावेत. काथ्याचा दोर वळणारा नेमके हेच करतो. सुटा पेड एका बाजूला उलगडू पाहतो, जोड दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या ओढीत दोर घट्ट राहतो. कुरळ्या केसांच्या अंगच्या घर्षणाची यात भर पडत असल्याने असा पेड शेवटी रबर न लावताही बराच वेळ टिकतो, आणि मानेभोवती आडवा वळवून दोन आकड्यांनी अडकवला की कचेरीचा दिवस पार पडतो.

मध्यम लांबीची खरी अडचण मानेवरच्या आखूड केसांची. मागे एकच अंबाडा घातला की हे केस निसटून खाली लोंबतात. त्यांच्यासाठी सागरवेणीसारखा बंध नाही, कारण ती डोक्यालगत चालत जाताना प्रत्येक पेडात नवे केस भरती करीत जाते आणि कोणतीही बट लांबीअभावी वगळली जात नाही. भांगाच्या दोन बाजूंनी दोन सागरवेण्या घालून, त्यांची टोके मानेवर एकमेकींखाली खोचल्यास जो बंध तयार होतो, तो गाडीतल्या गर्दीत, पोहण्याच्या टोपीखाली वा शिरस्त्राणाखाली सारखाच निभावतो. वेळ मात्र त्याला अधिक लागतो, त्यामुळे घाईच्या सकाळी त्याची शिफारस करता येत नाही. उलट फ्रेंच रोल दिसायला दरबारी असला तरी कुरळ्या केसांना फार सोपा जातो: केस एका बाजूला घेऊन उभे गुंडाळायचे, टोके आतल्या पोकळीत लपवायची आणि शिवणीवर आकड्यांची रांग लावायची. सरळ केसांना त्यासाठी लागणारा फुगीरपणा येथे उपजतच असतो.

साधनांपैकी तिहींचा उल्लेख करून हा भाग आटोपता येईल. काडीने बांधलेल्या अंबाड्यात काडी आधी वेटोळ्यातून, मग टाळूलगतच्या केसांतून आणि पुन्हा वेटोळ्यातून जावी लागते. तरफेच्या या न्यायाने एक पेन्सिलही पुरते. दातेरी क्लचर गेल्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय झाला. दाट केसांसाठी तो मोठा, वाकड्या व लांब दातांचा असावा, आणि त्यात सर्व केस कोंबण्याऐवजी आधी पीळ घालून तो पीळच त्याच्या दातांत द्यावा. तिसरे साधन कापडात गुंडाळलेले रबर, म्हणजे स्क्रंची. रॉमी रेव्हसन या अमेरिकन बाईंनी १९८७ साली तिचे पेटंट मिळवले. रात्री रेशमी स्क्रंचीने केस टाळूवर सैल गोळा करून निजल्यास सकाळी गुंता निम्म्याने कमी होतो, आणि वाचलेला वेळ अंबाड्याच्या कामी येतो.

ताणावर विसंबण्याची किंमत काय पडते, हेही सांगितले पाहिजे. रोज आवळून बांधलेल्या केसांची मुळे कानशिलांवर व कपाळाच्या कडेला हळूहळू ढिली होतात आणि तेथील केस विरळ होत जातात. हा विकार १९०७ साली प्रथम ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या घट्ट केशबंधांच्या संदर्भात नोंदवला गेला. वेळीच बंध सैल केल्यास केस परत येतात. वर्षानुवर्षे हेळसांड झाल्यास येत नाहीत. ओला केस वाळलेल्यापेक्षा अधिक ताणला जातो व सहज तुटतो, म्हणून न्हाल्याबरोबर ओलेत्या केसांचा घट्ट अंबाडा घालणे सर्वथा वर्ज्य. विंचरायचे ते मात्र केस ओलसर व तेलाने वा कंडिशनरने निसरडे असतानाच, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे; कोरडे कुरळे केस मुळापासून विंचरणे म्हणजे गुंता खाली ढकलून त्याची गाठ करणे होय.

दिवाळीच्या पहाटेशी या साऱ्याचा संबंध आहे. अभ्यंगस्नानात तेल, उटणे व शिकेकाई यांनी केस स्वच्छ होतात खरे, पण ताजे न्हालेले केस निसरडे व भुरभुरीत असल्याने त्याच दिवशी बंधाला दाद देत नाहीत. म्हणून सणाच्या सकाळी मिरवण्याचा अंबाडा घालायचा असेल तर केस अर्धवट वाळू द्यावेत, तळव्यावर खोबरेलाचे दोन थेंब चोळून टोकांना लावावेत, आणि दमटपणा असतानाच सैल पीळ घालून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तोच अंबाडा निम्म्या वेळात व निम्म्या आकड्यांत बसतो.

हा सारा तपशील क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि केस सरळ करण्यावर जो पैसा, उष्णता व रसायने आज खर्ची पडत आहेत, ती पाहता, चार आकडे आणि उलटसुलट पिळाचे ज्ञान मुलीला वेळेवर मिळणे ही मोठीच बचत आहे. कुरळ्या केसांच्या मुलीला लहानपणापासून घरात ऐकू येते ते झिपऱ्या, जटा, राठ असे शब्द. तिच्या हाती कंगवा येतो तो शिक्षेसारखा, आणि वयात आल्यावर ती इस्त्रीकडे धाव घेते तेव्हा घरचेच नवल करतात. तिला आईने वा आजीने आकडा उलटवून कसा घालावा एवढे दाखवले, आणि तुझ्या केसांत बंध इतरांपेक्षा चांगला टिकतो ही साधी, खरी गोष्ट सांगितली, तर त्या तक्रारींना मुळातच जागा राहणार नाही.