अंगणातील शेगडीसाठी कोणता कोळसा योग्य?

बंगल्याच्या अंगणात किंवा शेतघरावर जाळीवर पदार्थ भाजून मेजवानी करण्याची पद्धत भारतीय शहरांतही रुजली आहे. त्यासाठी लागणाऱ्या शेगड्या आता सहज उपलब्ध होतात. कोळशाच्या पिशव्यांवर मात्र 'नैसर्गिक', 'ब्रिकेट', 'करवंटीचा', 'धूररहित' अशी निरनिराळी नावे आढळतात आणि ग्राहक संभ्रमात पडतो. या प्रत्येक प्रकाराची उष्णता, जळण्याचा कालावधी आणि राखेचे प्रमाण वेगळे असते. पदार्थ भाजण्यास किती वेळ लागणार आहे, हे लक्षात घेऊन कोळसा निवडल्यास खर्च आणि श्रम दोन्ही वाचतात. कोळसा कोणताही असला तरी तो केवळ मोकळ्या हवेतच पेटवावा, हा नियम मात्र सर्व प्रकारांना सारखाच लागू होतो.

दगडी कोळसा नव्हे, लोणारी कोळसा

मराठीत 'कोळसा' हा एकच शब्द दोन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. खाणीतून निघणारा दगडी कोळसा हे खनिज इंधन आहे. त्याच्या धुरात गंधकाची संयुगे असतात, तसेच आर्सेनिक, पारा यांसारखे विषारी घटकही असू शकतात. त्यामुळे त्याच्या निखाऱ्यांवर उघडे अन्न भाजणे आरोग्यास अपायकारक आहे.

अन्न भाजण्यासाठी लाकडापासून तयार केलेला कोळसा वापरावा. हा व्यवसाय परंपरेने करणाऱ्या लोणारी समाजावरून त्याला महाराष्ट्रात 'लोणारी कोळसा' असे म्हटले जाते. भट्टीत हवेचा पुरवठा अत्यंत मर्यादित ठेवून लाकूड तापवले असता त्यातील पाणी आणि वायुरूप द्रव्ये निघून जातात व मुख्यतः कार्बन शिल्लक राहतो. चांगल्या कोळशात कार्बनचे प्रमाण साधारणपणे ७५ टक्के असते. त्यामुळे हवेत वाळवलेल्या लाकडाच्या तुलनेत त्यापासून किलोमागे जवळपास दुप्पट उष्णता मिळते आणि धूरही कमी होतो.

अखंड तुकड्यांचा कोळसा

लाकडाच्या मूळ आकारातील तुकड्यांचा कोळसा लवकर पेटतो, प्रखर उष्णता देतो आणि त्याची राख कमी पडते. पनीर टिक्का, मासे, कणीस किंवा भरताची वांगी यांसारख्या थोड्या वेळात भाजल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी तो उपयुक्त ठरतो. तुकडे लहानमोठे असल्याने उष्णता सर्वत्र सारखी राहत नाही आणि ठिणग्या उडतात, ही त्याची उणी बाजू होय.

भारतात हा कोळसा मोठ्या प्रमाणावर वेड्या बाभळीपासून तयार होतो. मूळच्या अमेरिका खंडातील या काटेरी झाडाने गुजरातमधील कच्छ आणि तमिळनाडूतील रामनाथपुरम या कोरड्या भागांत मोठे क्षेत्र व्यापले असून तेथे कोळसा पाडणे हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे.

खरेदी करताना तुकडा मोडून पाहावा. पूर्ण भाजलेला कोळसा आतूनही काळा व चकचकीत असतो आणि आपटल्यास खणखणीत वाजतो. आत तपकिरी लाकूड दिसल्यास तो अर्धवट भाजलेला असून अधिक धूर करील, असे समजावे.

ब्रिकेट

ब्रिकेट म्हणजे कोळशाच्या भुकटीत स्टार्चसारखे चिकट द्रव्य मिसळून दाबून तयार केलेल्या एकसारख्या वड्या. अमेरिकेत १८९७ साली एल्सवर्थ झ्वॉयर यांना अशा वड्यांचे पेटंट मिळाले. १९२० च्या दशकात मोटार उद्योजक हेन्री फोर्ड यांनी मिशिगन राज्यातील आपल्या कारखान्यात उरणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांपासून ब्रिकेट बनवण्यास प्रारंभ केला आणि मोटार विक्रेत्यांमार्फत त्यांची विक्री केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत घरामागील अंगणात भाजण्याची प्रथा वाढली, तसा ब्रिकेटचा खपही वाढला.

सर्व वड्या एका मापाच्या असल्याने त्या संथपणे व समप्रमाणात जळतात. अख्खी कोंबडी किंवा मांसाचे मोठे तुकडे यांसारख्या तासाभराहून अधिक वेळ घेणाऱ्या पदार्थांसाठी त्या सोयीच्या आहेत. राख मात्र जास्त पडते. काही उत्पादक वड्यांत चुनखडी किंवा दगडी कोळशाची भुकटी मिसळतात, त्यामुळे पिशवीवरील घटक वाचणे आवश्यक आहे. झटपट पेटणाऱ्या वड्यांमध्ये पेट्रोलजन्य द्रव्य असते. अशा वड्या भाजणे सुरू असताना मध्येच टाकू नयेत, अन्यथा त्याचा वास अन्नाला लागतो.

करवंटीचा कोळसा आणि बिंचोतान

नारळाच्या करवंटीचा कोळसा कठीण असतो, दीर्घकाळ जळतो आणि धूर कमी करतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. तो बहुधा वड्यांच्या स्वरूपात मिळतो. पेटण्यास थोडा अधिक वेळ लागतो.

जपानमधील वाकायामा प्रांताचा 'बिंचोतान' हा ओकच्या एका जातीपासून बनतो. अखेरच्या टप्प्यात भट्टीचे तापमान सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. हा कोळसा अत्यंत महाग असून घरगुती मेजवानीसाठी त्याची सहसा आवश्यकता भासत नाही.

पेटवण्याची पद्धत

रॉकेल किंवा पेट्रोल ओतून कोळसा पेटवणे धोकादायक आहे. दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या, तळाशी जाळी बसवलेल्या पत्र्याच्या नळकांड्यात कोळसा भरून खाली कागद पेटवल्यास साधारण १५ ते २० मिनिटांत निखारे तयार होतात. वरच्या तुकड्यांवर राखेचा करडा थर आल्यानंतरच पदार्थ जाळीवर ठेवावेत. मांसातील चरबी निखाऱ्यांवर गळून होणाऱ्या धुरात कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी संयुगे असतात. त्यासाठी चरबी आधीच काढून टाकावी आणि पदार्थ ज्वाळेत करपू देऊ नये.

धूर नसला तरी धोका कायम

'धूररहित' या शब्दामुळे असा कोळसा खोलीतही वापरता येतो, असा समज होऊ शकतो. तो जीवघेणा आहे. कोणताही कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची प्रारंभीची लक्षणे आहेत. झोपेत असलेल्या व्यक्तीला तीही जाणवत नाहीत. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने मृत्यू झाल्याच्या घटना दर हिवाळ्यात घडतात.

मेजवानी आटोपल्यावर विझत आलेले निखारे उबेसाठी घरात, तंबूत किंवा गाडीत नेण्याचा मोह याच कारणाने टाळावा. राखेखालील निखारे अनेक तास धगधगत असतात आणि त्या काळात वायू बाहेर पडत राहतो. बंदिस्त बाल्कनीतही शेगडी पेटवू नये. काम संपताच झाकण व हवेची छिद्रे बंद करून शेगडी बाहेरच ठेवावी आणि राख पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, पाणी शिंपडून धातूच्या डब्यात काढावी. एखाद्यास चक्कर किंवा गुंगी आल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व वैद्यकीय मदत मिळवावी.