चौकोन गेले, पत्ते आले

डिसेंबर 2022 मध्ये आलेला ‘मिडनाइट सन्स’ हा गेम दीड वर्षात, 2024 च्या जूनमध्ये, एपिकच्या ऑनलाइन दुकानात आठवडाभर फुकट वाटला गेला. भाच्यानं तो जयसिंगपुरात बसून उतरवला, दोन लढाया खेळला आणि काढून टाकला. “मामा, लई बोलत्यात ह्यात.” मला ते लागलं.

गेमचं मूळ म्हणजे मार्व्हलची 1992 ची कॉमिक्स. घोस्ट रायडर, ब्लेड अशी रात्रीची मंडळी एकीकडं, लिलिथ दुसरीकडं. कॉमिकातले सन्स म्हणजे मुलगे, गेममधले सूर्य. देवनागरीत तेवढा घोळ मिटतो. आमच्यापर्यंत ती पोचलीच नाहीत, म्हणून नव्वदचं दशक सोडून देतो.

माझं दशक त्यानंतरचं. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर हे आखीव गाव. गल्ल्या नंबरांनी ओळखायच्या. इथल्या एका नेटकॅफेत ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’ होता. ड्रॅगन, किल्ले, चौकोनांचा नकाशा आणि पाळीपाळीनं चाल. एका मशीनवर दोघं. तासाचे वीस रुपये दहा-दहा काढायचे आणि एकाची चाल चालू असताना दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड करायचं. “फिरव की रं तोंड!” भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यातल्या एकादश्या-चतुर्थ्या मला पाठ झाल्या. गेममधला आठवडा पालटला की किल्ल्यात नवं सैन्य तयार व्हायचं, म्हणून सातव्या दिवशी अंगावर जायचं नाही, ही अक्कल तिथंच आली. मालक पाच मिनिटं आधीच मशीन बंद करायचा. सेव्ह न झालेल्या लढाया अजून त्याच्या नावावर मांडून ठेवल्यात.

पुढं घरोघर नेट आलं, कॅफे गेले. 2012 ला फिरॅक्सिस कंपनीच्या ‘एक्सकॉम’नं चौकोन परत आणले. तो करणारा जेक सॉलोमनच ‘मिडनाइट सन्स’ करायला बसला आणि त्यानं चौकोनच पुसले. मैदानात तीन वीर, हातात पत्ते. पत्ते म्हटल्यावर लोकांना वाटलं, पैसे मोजून घ्यायचे. तसं नव्हतं, तसा खुलासाही झाला; पोशाख मात्र विकायला ठेवलेच. लढाई झकास, पण दोन लढायांमध्ये वीरांच्या मठात गप्पाच गप्पा. ब्लेडचं वाचक मंडळसुद्धा! समीक्षकांनी वाखाणला, खप झाला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सॉलोमन कंपनीतून बाहेर पडला.

पत्त्यांवर माझा राग नाही. पण हा गेम एकट्यानंच खेळायचा आहे. फुकट मिळाला, तरी निम्मे पैसे काढायला शेजारी कुणी लागत नाही.