लांब इंग्रजी शब्द कसे फोडावे ?

‘भोर’ हा शब्द लिहितांना दोन अक्षरें लागतात. उच्चार मात्र एकाच झटक्यांत होतो. ‘राजगड’ लिहावयास चार अक्षरें, पण तोंडानें आपण ‘राज्-गड्’ असे दोनच तुकडे करतों. वेल्ह्याजवळचा ‘तोरणा’ हा ‘तोर्-णा’. हें ज्याच्या ध्यानांत आलें त्यास इंग्रजी शब्द फोडण्याची निम्मी विद्या आली. कारण तेथेंही लिहिलेलीं अक्षरें न मोजतां ऐकूं येणारे स्वर मोजावयाचे असतात. ‘एज्युकेशन’ मोठ्यानें म्हणून पाहावें : ए, ज्यु, के, शन. चारच तुकडे.

खरी अडचण आघाताची. आम्ही मराठी माणसें लघुगुरूच्या संस्कारांत वाढलों. कोणतें अक्षर लांबवावें हें आम्हांस कळतें. पण एका तुकड्यावर जोर देऊन शेजारचे चेपून टाकणें आम्हांस अन्यायाचें वाटतें! इंग्रजीचा तर तोच स्वभाव. ‘फोटोग्राफ’मध्यें जोर ‘फो’वर असतो. ‘फोटोग्राफी’ म्हणतांच तो ‘टॉ’वर सरकतो आणि आरंभीचा ‘फो’ नुसता ‘फ’ उरतो. ‘फोटोग्राफिक’मध्यें तोच जोर ‘ग्रॅ’वर जातो.

शब्दाच्या शेवटीं ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ असेल, तर जोर बहुधा त्याच्या लगत आधींच्या तुकड्यावर पडतो. ‘इलेक्ट्रिक’मध्यें तो ‘लेक्’वर आहे, ‘इलेक्ट्रिसिटी’मध्यें ‘ट्रि’वर. बहुधा म्हणण्याचें कारण, ‘पॉलिटिक्स’ हा खोडकर शब्द आरंभींच जोर घेतो. ‘मेंट’ ही शेपटी मात्र गरीब. ती जोर सहसा हालवीत नाहीं. म्हणून ‘डिव्हेलप’ आणि ‘डिव्हेलपमेंट’ या दोहोंतही तो ‘व्हे’वरच राहतो.

हा शेवटचा शब्द मीं अनेक वर्षें ‘डे’वर जोर देऊन शिकविला, ‘फोटोग्राफी’ही ‘फो’वर. माझा एक विद्यार्थी तें घेऊन पुण्यास मुलाखतीला गेला, आणि एकच वाक्य त्यास तीनदां म्हणावें लागलें. व्याकरण निर्दोष होतें. तो परत येऊन मलाच विचारूं लागला, “गुरुजी, माझें चुकलें काय ?”

मीं कोश काढला. डॅनिअल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ सालीं निघाला. त्यांत आघाताची खूण जोराच्या तुकड्याच्या आधीं येते. कित्येक जुन्या इंग्रजी कोशांत ती तुकड्याच्या नंतर येई. एका पद्धतीची खूण दुसऱ्या पद्धतीनें वाचली, कीं जोर एक घर मागें किंवा पुढें जातो. मी शिकलों तो कोश जुन्या पद्धतीचा होता, शिकवितांना हातीं होता तो नव्या. आणि त्याची प्रस्तावना मीं उघडलीच नव्हती.