तलंगा किती, कोंबडे किती?

कोंबडीची पिल्ले विकत घेताना घरातल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “यात तलंगा किती निघतील?” विकणाऱ्याचे उत्तरही ठरलेले असते, “निम्म्या-निम्म्या धरा, ताई.” उत्तर खोटे नाही. निसर्गाचा हिशेब साधारण तसाच आहे. पण अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या घराचा हिशेब इथेच बिघडतो. दहा पिल्ले आणावीत, दोन मांजराने न्यावीत, एक मानमोडीने जावे आणि उरलेल्या सातांतले चार कोंबडे निघावेत! तीन महिने दाणे घातल्यावर हे कळते.

कोल्हापूर शहरात मोठी परसदारे आता फारशी उरली नाहीत. तरी उपनगरांत आणि करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागलच्या गावांत घराच्या मागे पाच-दहा कोंबड्यांचे खुराडे अजून दिसते. मुलांच्या ताटात अंडे आणि हातात चार पैसे, एवढ्या अपेक्षेने आपल्या अनेक भगिनी कोंबड्या सांभाळतात. अंड्यांचे हे पैसे बहुतेक घरांत बाईच्याच हाती राहतात, म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. एक दिवसाच्या पिलातच नर कोणता आणि मादी कोणती हे कळले तर? ते कळू शकते. मात्र त्यासाठी आई-बापाची जोडी नीट निवडावी लागते.

टोकदार अंड्याची समजूत

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असे घरोघरी सांगितले जाते. कुणी अंड्यावर दोऱ्याने अंगठी धरून ती कशी फिरते ते पाहतात. यात तथ्य नाही. कवच तयार होण्याच्या कितीतरी आधी, बीज सुटतानाच नर-मादी ठरलेले असते. अंड्याचा आकार कोंबडीच्या पोटातल्या नळीवर अवलंबून असतो. त्याचा आतल्या जिवाशी संबंध नाही.

साध्या गावरान पिलात नर-मादी ओळखायला निदान पाच-सहा आठवडे थांबावे लागते. नराचा तुरा आधी वाढतो आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. दोन-अडीच महिन्यांनी शेपटीजवळच्या पाठीवर नराला लांब, टोकदार, चकाकणारी पिसे येतात, मादीची पिसे तिथे गोलसर राहतात. जपानी तज्ज्ञांनी पिलाच्या गुदद्वाराची तपासणी करून नर-मादी ओळखण्याची पद्धत शंभरेक वर्षांपूर्वी शोधली. मोठ्या हॅचऱ्यांत ती वापरतात. पण ते सरावलेल्या हातांचे काम आहे. घरी करायला गेल्यास नाजूक पिलाला इजा होते.

मुलगी बापाच्या रंगावर, मुलगा आईच्या

माणसात मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजाने ठरते. पक्ष्यांत नेमके उलटे आहे. कोंबड्याकडे एकाच प्रकारची दोन गुणसूत्रे असतात, शास्त्रज्ञ त्यांना ‘झेड’ म्हणतात. कोंबडीकडे एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. कोंबडीने ‘डब्ल्यू’ दिले तर तलंग, ‘झेड’ दिले तर कोंबडा. म्हणजे मादी पिलाला आपले एकुलते ‘झेड’ बापाकडूनच मिळते, नर पिलाला मात्र एक आईकडून आणि एक बापाकडून.

पिसांचे काही रंग याच ‘झेड’वर बसलेले असतात. पिसांवरचे आडवे पांढरे पट्टे हा त्यातला एक. काळ्या अंगावर असे नियमित पट्टे असलेली कोंबडी घ्यावी आणि तिला बिनपट्ट्याचा लाल ऱ्होड आयलंड रेड कोंबडा द्यावा. आईचे पट्टे तिच्या मुलांकडे जातात, मुलींकडे जात नाहीत. पिल्ले सगळी काळीच निघतात, पण नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो, मादीचे डोके पूर्ण काळे. ओली पिल्ले वाळली की निवड करता येते.

दुसरी जोडी सोनेरी आणि रुपेरी रंगांची. लाल-सोनेरी कोंबडा आणि रुपेरी वंशाची कोंबडी यांची नर पिल्ले फिकट पिवळी, तर मादी पिल्ले तांबूस निघतात. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी संकरित जाती या पद्धतीवर उभ्या आहेत.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती. तेव्हा केंब्रिजचे प्राध्यापक रेजिनाल्ड पनेट यांनी या रंगखुणेचा उपयोग सुचवला. पुढे १९२९ साली त्यांनी व मायकेल पीज यांनी ‘कॅम्बार’ ही जात तयार केली. तिच्यात पिढ्यान्पिढ्या रंगावरून नर-मादी ओळखता येतात. आपल्या जोडीत मात्र तसे होत नाही, म्हणून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

एक, जोडी उलटी करून चालत नाही. पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी ठेवली तर नर-मादी दोघांनाही पट्टे येतात आणि खूण नाहीशी होते.

दोन, ही खूण एकाच पिढीपुरती असते. ठिपक्यावरून निवडलेल्या तलंगा मोठ्या झाल्या आणि त्यांच्याच भावांपासून त्यांची पिल्ले काढली, तर रंगांची सरमिसळ होते. दरवेळी मूळ आई-बापांकडेच परत जावे लागते.

तीन, प्रत्येक पांढरी कोंबडी रुपेरी वंशाची नसते. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग वेगळा आहे, तो बाकीचे रंग झाकून टाकतो. तिच्यावर लाल कोंबडा लावून पिलांची निवड होत नाही. तसेच ठिपक्यांची किंवा डागांची काबरी कोंबडी म्हणजे पट्टेरी कोंबडी नव्हे. एक पीस हातात घेऊन पाहावे. त्यावर आडव्या, सारख्या रेघा हव्यात.

आपल्या परसात कसे करावे?

कोल्हापुरात पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. ऱ्होड आयलंड रेडला आपले शेतकरी ‘आर.आय.आर.’ म्हणतात. हा कोंबडा मिळवणे अवघड नाही. पट्टेरी काळी कोंबडी मात्र आठवडी बाजारात शोधावी लागते. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो.

जुना कोंबडा बाजूला काढल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकते. तीन आठवडे ती अंडी खायला वापरावीत, पुढची उबवायला जमवावीत. अंडी टोक खाली करून थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत उबवावीत. खुडूक झालेल्या गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसतात. सातव्या दिवशी रात्री मोबाइलच्या उजेडावर धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे फळले आहे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

संकरित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून कळपात एक-दोन गावरान कोंबड्या असू द्याव्यात. त्या अंडी कमी देतील, पण पिल्ले त्याच सांभाळतील.

एवढा खटाटोप नको असेल तर विकत घेताना प्रश्न विचारावेत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा या जाती अंडी व मांस दोन्हींसाठी आहेत. त्यांची पिल्ले बहुधा न निवडता, नर-मादी मिसळून मिळतात. त्याच संस्थेची ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे. बीव्ही-३८० ही तपकिरी अंड्यांची व्यापारी जात आहे. ती भरपूर अंडी देते, पण उरल्यासुरल्या भातावर जगत नाही, तिला पुरते खाद्य लागते. शासनाच्या योजनेतून २५ तलंगा व ३ नर असा गट अनुदानावर दिला जातो. त्याची चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात करावी.

मोठ्या परताव्याचे आमिष दाखवून पक्षी गळ्यात मारणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावावर अनेक कुटुंबांची पुंजी बुडाली, ते कुणी विसरलेले नाही.

नर पिलांचे काय?

ओळखता आले की पुढचा प्रश्न उभा राहतो. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लू निरुपयोगी. ते अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीइतके वाढत नाही. म्हणून जगभर अशी असंख्य पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून याला कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे त्यातलीच काही पिल्ले हिरवी, गुलाबी रंगवून टोपलीतून गल्लोगल्ली विकायला येतात. मुले हट्ट धरतात, आपण दहा-वीस रुपये देतो आणि ते पिल्लू दोन दिवसांत मरते.

इथे आपल्या दीनची शिकवण आठवावी. पवित्र कुरआनने पक्ष्यांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. काही तरुण कोंबडीला बांधून तिच्यावर नेम धरत होते, तेव्हा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी त्यांना पैगंबरांची (स.) सक्त मनाई सांगितली, असे सहीह बुखारीत नमूद आहे. कोंबडीचे मांस आपल्याला हलाल आहे. गरजेसाठी अल्लाहचे नाव घेऊन जबह करणे वेगळे आणि बिनकामाचा म्हणून जीव फेकून देणे वेगळे.

परसात हा प्रश्न सुटतो. पहिल्या दिवशीच नर ओळखता आले की त्यांना वेगळे वाढवावे, चार-पाच महिन्यांनी घरच्या रश्शाला किंवा ईदच्या दिवसांत विकायला ठेवावे. गावरान वळणाच्या कोंबड्याला कोल्हापुरात गिऱ्हाईक कमी नाही. रंगवलेली पिल्ले मात्र मुलांना घेऊन देऊ नयेत. त्या पैशांत निकोप पिल्लू येते.

सासूबाईंनी वाचावे असे थोडेसे

कोंबडीच्या या गोष्टीतून घरातल्या माणसांबद्दलही एक धडा मिळतो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्रणा बसवण्याची मोहीम याच जिल्ह्यात झाली. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही दुसरी, तिसरी मुलगी झाली की सुनेला बोल लावणारी घरे आहेत. आपल्या समाजातही आहेत.

नर-मादी आईकडून ठरते ते कोंबडीत, माणसात नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणे शास्त्राने चूक आहे आणि दीनने त्याहून मोठा गुन्हा आहे. मुली देणारा आणि मुलगे देणारा अल्लाहच आहे, हे सूरह शूरात स्पष्ट आले आहे. जिवंत पुरलेल्या मुलीचा हिशेब कयामतच्या दिवशी होणार, हा इशारा सूरह तकवीरमध्ये आहे. खुराड्यात तलंग निघाली की आपण खूश होतो. घरात मुलगी आली तर चेहरा का उतरावा?

शेवटी, सांभाळण्याविषयी

पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली दाटून बसली तर ऊब कमी आहे, दूर पळाली तर जास्त. खाली भाताचे तूस अंथरावे, पावसाळ्यात ते कोरडे राहील असे पाहावे. ओल्या तुसातून रक्ती हगवण पसरते. पंचगंगेच्या काठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे. तिथे खुराडे उंचावर, उचलून नेता येईल असे असावे. मानमोडीची पहिली लस पहिल्या आठवड्यात, गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि देवीची सहा-आठ आठवड्यांनी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. एकदम बरेच पक्षी मेले तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

दाट वस्तीत राहत असाल तर कोंबडा ठेवूच नये. कोंबड्याशिवायही कोंबड्या अंडी देतात, ती फक्त उबवता येत नाहीत. फजरच्या वेळी कोंबड्याची बांग ऐकून अल्लाहची कृपा मागावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. पण शेजाऱ्याचा हक्कही आपल्यावर आहे. खुराडे रोज झाडावे, वास येऊ देऊ नये. आणि पहिली चार अंडी निघतील तेव्हा दोन शेजारच्या घरी पाठवावीत.