नुकसानभरपाई म्हणजे धर्मादाय नव्हे

कारखान्यांत किंवा गोदामांत एखाद्या मजुराचा हात यंत्रांत सांपडला म्हणजे पुढें काय होतें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. मालक त्याला रिक्षांत घालून ओळखीच्या डॉक्टराकडे नेतो, दवाखान्याचें बिल भरतो, दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवितो आणि शेवटीं मुकादमाकरवीं एका कागदावर त्याची सही किंवा अंगठा घेतो. "माझें कांहीं येणें राहिलें नाहीं," एवढेंच त्या कागदावर लिहिलेलें असतें. मालकाला वाटतें आपण माणुसकीनें वागलों. मजुराला वाटतें शेठजींनीं दया केली. आणि दोघेही समजतात कीं प्रकरण मिटलें. कायद्याच्या दृष्टीनें तें मिटलेलें नसतें. बहुधा सुरूही झालेलें नसतें. आमच्या वाचकवर्गांत पदरीं पांच-पंचवीस माणसें बाळगणारे व्यापारी व कारखानदार पुष्कळ आहेत. म्हणून या विषयांतील कायदा काय आहे, तो तसा कां आहे आणि त्याच्या अंमलांत उणें काय आहे, याचा थोडा खुलासेवार विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला प्रश्न तत्त्वाचा. मालकाची चूक नसतां त्यानें पैसे कां द्यावे? जुन्या इंग्रजी कायद्याचें उत्तर मालकाच्या सोयीचें होतें. १८३७ सालच्या 'प्रीस्टली विरुद्ध फौलर' या खटल्यांत, धन्याची मालानें लादलेली गाडी मोडून जखमी झालेल्या एका खाटकाच्या नोकराला भरपाई नाकारण्यांत आली, आणि सोबतच्या नोकराच्या हयगयीबद्दल धनी जबाबदार नाहीं, हा नियम त्यांतून पुढें रूढ झाला. 'धोका पत्करूनच तूं नोकरी धरलीस' आणि 'तुझाही हलगर्जीपणा होता' हे आणखी दोन अडसर जोडीला होतेच. यंत्रयुगांत या न्यायाचा अर्थ एवढाच उरला कीं, कारखान्याचा नफा मालकाचा आणि मोडलेला हात मजुराचा. जर्मनींत १८८४ सालीं अपघातविम्याचा कायदा झाला व इंग्लंडनें १८९७ सालीं भरपाईचा कायदा केला, तेव्हां ही विचारसरणी मोडली.

परंतु हा विचार आमच्याकडे केवळ उसना आला, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या १८८४ सालीं जर्मनीनें कायदा केला, त्याच सालीं सप्टेंबर महिन्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति व वेळेवर पगार या मागण्यांचें स्मरण आपणांस असतें. पण त्याच अर्जांत आणखी एक मागणी होती. कामावर जबर दुखापत झालेल्या मजुरास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. इंग्लंडच्या कायद्यापूर्वीं तेरा वर्षें मुंबईच्या गिरणगांवांतून ही हांक उठली होती. लोखंडे १८९७ सालीं वारले. हिंदुस्थानांत हा कायदा १९२३ सालीं मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. शंभर वर्षांहून अधिक काळ तो अनेक दुरुस्त्यांसह चालला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. सांगाडा मात्र बव्हंशीं तोच आहे. यंत्र मोडलें तर दुरुस्तीचा खर्च आपण धंद्याच्या खातीं टाकतों. मग माणूस मोडला तर तो खर्च त्याच्या बायकोमुलांच्या खातीं कां टाकावा, हा त्या कायद्याचा साधा सवाल आहे.

दुसरा प्रश्न मजुराच्या चुकीचा. "त्याचें लक्ष नव्हतें, म्हणून बोट गेलें," हें उत्तर हटकून येतें. परंतु नुसता निष्काळजीपणा हा या कायद्यांत बचावच नव्हे. दिवसभर यंत्रापुढें उभ्या राहणाऱ्या माणसाचें लक्ष क्षणभर ढळणारच, हें कायद्यानें ओळखलेलें आहे. बचाव मोजके आहेत. दुखापतीमुळें आलेली असमर्थता तीन दिवसांपेक्षां अधिक टिकली नसेल. अपघात थेट दारूच्या किंवा मादक पदार्थाच्या अमलामुळें झाला असेल. सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम मजुरानें जाणूनबुजून मोडला असेल. किंवा यंत्राचें संरक्षक आच्छादन त्यानें बुद्ध्या काढलें असेल, तरच मालक सुटतो. त्यांतही मृत्यु किंवा कायमची पूर्ण असमर्थता आली असल्यास शेवटचे तीन बचाव चालत नाहींत. आतां कारखानदार मित्रांनीं स्वतःशींच विचारावें कीं, प्रेसवरचें आच्छादन काढतो कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून? माल लवकर निघावा म्हणून तें काढण्याची सूचना वरूनच येत असेल, तर मजुराकडे बोट दाखविण्याचा अधिकार मालकास कसा पोंचतो?

तिसरा प्रश्न असा कीं, अपघात कामामुळें व काम चालू असतां झाला असें केव्हां म्हणावयाचें? मराठवाड्यांतील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ सालीं आपल्या पाळीवर मोटारसायकलनें जात असतां वाटेंत अपघातानें मरण पावला. आयुक्तांनीं त्याच्या कुटुंबास भरपाई दिली. मुंबई हायकोर्टानें ती रद्द केली. आणि २०२५ च्या जुलै महिन्यांत सुप्रीम कोर्टानें ती पुन्हां कायम केली. अपघाताची वेळ, जागा व परिस्थिति यांचा नोकरीशीं संबंध दिसत असेल तर घरापासून कामापर्यंतची वाटही या कायद्याच्या कक्षेंत येते, असें त्या निकालाचें सार आहे. नव्या संहितेंतही हें तत्त्व घातलेलें आहे.

चौथा प्रश्न रकमेचा, आणि येथें व्यापाऱ्यांस हिशेबाची भाषाच अधिक पटेल. मृत्यु आल्यास मासिक वेतनाचे ५० टक्के आणि कायमची पूर्ण असमर्थता आल्यास ६० टक्के घेऊन, वयाप्रमाणें ठरविलेल्या अंकानें गुणावयाचे. तिसाव्या वर्षीं तो अंक २०७.९८ आहे, चाळिसाव्या वर्षीं १८४.१७. हिशेबांत धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा १९२३ च्या कायद्याखालीं ३ जानेवारी २०२० पासून दरमहा १५,००० रुपये करण्यांत आली. त्या मानानें तीस वर्षांचा मजूर पूर्ण अधू झाल्यास ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये होतात. चाळीस वर्षांचा मजूर मेल्यास त्याच्या आश्रितांचे १३,८१,२७५ रुपये होतात. नुसता अंगठा गेला तर परिशिष्टांत कमाईच्या शक्तीची हानि ३० टक्के धरलेली आहे. तेव्हां त्याच तीस वर्षांच्या मजुराचें येणें ५,६१,५४६ रुपये झालें. आरंभीं सांगितलेला दोन महिन्यांचा पगार या आंकड्याशेजारीं मांडून पाहावा, म्हणजे दया कोणी कोणावर केली हें उमगेल.

शिवाय परिशिष्टांतील टक्के हा शेवटचा शब्द नव्हे. ओरिसांतील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एक हात शाबूत आहे, म्हणून हानि अंशतःच, असें मालकाचें म्हणणें पडलें. सुप्रीम कोर्टानें तें ऐकलें नाहीं. एका हातानें सुतारकाम होत नाहीं; सबब तो माणूस ज्या कामाचा होता त्या कामास पूर्ण निकामी झाला, असें १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत ठरलें. त्याच निकालांत मालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी दुसरी गोष्ट आहे. भरपाई अधिकाऱ्यानें हुकूम दिल्यावर देणें होत नाहीं, ती अपघाताच्या दिवशींच देणें होते. जुन्या कायद्यांत एका महिन्यांत रक्कम न दिल्यास सालीना १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होता. विलंबाबद्दल व्याज व दंड हें तत्त्व संहितेनेंही सोडलेलें नाहीं. जबाबदारीचा कांहीं भागच कबूल असेल तर निदान तेवढी रक्कम आधीं भरावी, हेंही मालकाचें कर्तव्य ठरविलेलें आहे.

"मजूर आमचा नव्हे, कंत्राटदाराचा आहे," ही सबब तर बाजारांत रोज ऐकूं येते. धान्याच्या व्यापाऱ्यानें मालाची चढउतार ठेक्यानें दिली आणि त्याच्याच गोदामांत हमालाच्या अंगावर थप्पी कोसळली, तर चढउतार हा त्या धंद्याचाच नित्याचा भाग असल्यामुळें व्यापाऱ्याकडून भरपाई मागतां येते. मागाहून त्यानें ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण ठेक्याचा कागद दाखवून हमालाला दारांतून परत लावतां येत नाहीं.

आणि तो सही घेतलेला कागद? भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार कायद्यानें निरर्थक आहे. तडजोड करावयाची तर तिची नोंद अधिकाऱ्याकडे झाली पाहिजे, आणि रक्कम अपुरी किंवा संमति फसवून घेतलेली दिसल्यास तो नोंद नाकारूं शकतो. नोंद न करणाऱ्या मालकावर १९२३ च्या कायद्यानें असा भार ठेविला होता कीं, पूर्ण रक्कम त्याच्याकडे येणें राहील आणि आयुक्तांनीं वेगळें सांगितल्यावांचून त्यानें परभारें दिलेल्या पैशांतील निम्म्याहून अधिक वजा मिळणार नाहीं. मृत्यूच्या प्रकरणांत तर रक्कम अधिकाऱ्याकडेच जमा करावयाची असते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर विधवेच्या हातीं परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहींत. म्हणजे जो मालक प्रकरण गुपचुप मिटवितो तो मजुराचें नुकसान करतोच, पण स्वतःच्या वहींतही न फिटलेलें देणें ठेवून जातो.

मजुरांच्या बाजूनें दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. राज्य विमा योजनेंत नांव असेल तर त्याचें दार विमा निगमाचें; त्यानें मालकावर हा दावा करावयाचा नाहीं. तें नसेल तर अपघातापासून, किंवा मृत्यूपासून, दोन वर्षांच्या आंत अर्ज केला पाहिजे. अपघात मालकास ठाऊक होता हें दिसलें तर नोटिशीच्या अभावीं दावा बुडत नाहीं, आणि गांवीं परत गेलेल्या मजुरास आपल्या राहत्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडेही अर्ज करितां येतो. यासाठीं पगाराची पावती, हजेरीची नोंद व दवाखान्याचा पहिला कागद हीं तीन जपून ठेवावीं. पगार हातीं एक आणि कागदावर दुसरा, ही चाल जेथें आहे, तेथें भरपाईचा हिशेब मुळांतच चुकतो.

इतका कायदा असतां दुःख कां उरतें? आमच्या मतें दोन कारणें आहेत. पहिलें विलंब. २००९ च्या दुरुस्तीनें आयुक्तांनीं तीन महिन्यांत निकाल द्यावा असें लिहिलें. आणि वर सांगितलेल्या पहारेकऱ्याच्या घरच्यांस शेवटचा शब्द ऐकण्यास बावीस वर्षें लागलीं. ज्या मुलांच्या शाळेसाठीं तो पैसा हवा होता तीं मुलें एवढ्या काळांत बापाच्या वयाचीं होतात. वरातीमागून आलेलें घोडें तें हेंच. दुसरें कारण लहान मालकाची ऐपत. दहांपेक्षां कमी माणसांच्या कारखान्याच्या धन्यानें अठरा लाख रुपये कोठून आणावे, हा आक्षेप आम्ही खोटा मानीत नाहीं. परंतु त्याचें उत्तर मजुराचा हक्क कापणें हें नसून विमा उतरविणें हें आहे. दुकानाचा, मालाचा व मोटारीचा विमा आपण न चुकतां भरतों. मग मोटार हांकणाऱ्याचा व माल उचलणाऱ्याचा कां भरूं नये? मूळ मध्यवर्ती कायद्यानें देणें मालकावर ठेविलें, पण त्या देण्याचा विमा सक्तीचा केला नाहीं, ही त्यांतील मोठी उणीव होय. राज्य विम्याच्या बाहेर राहिलेल्या प्रत्येक लहान धंद्यास असा विमा सक्तीचा करावा, आणि मालकास कबूल असलेली रक्कम अपिलाची वाट न पाहतां मजुराच्या हातीं पडावी, अशी आमची सरकारास सूचना आहे.

सरकार जेव्हां करील तेव्हां करो. व्यापारी मंडळांस मात्र थांबण्याचें कारण नाहीं. त्यांनीं आपल्या सभासदांच्या माणसांचा सामुदायिक विमा उतरवावा आणि मजुरास त्याचा हक्क कामावर घेतांनाच त्याच्या भाषेंत लेखी द्यावा. २०१७ च्या दुरुस्तीनें तें मालकाचें कर्तव्यच ठरविलें होतें. सावकाराचें देणें बुडविणाऱ्यास बाजारांत पत राहत नाहीं. ज्याच्या हातांच्या कष्टावर दुकान उभें आहे, त्याचें देणें बुडविणाऱ्याची पत तरी आपण कां राखावी?