अर्ध्या मिलिमीटरची नजर

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सुमारे अर्ध्या मिलिमीटरची एक जागा अशी आहे, जिथे एकही रक्तवाहिनी नसते. वाचताना, चेहरा ओळखताना, सुईत दोरा ओवताना आपण मुख्यतः तिच्याच भरवशावर असतो. तिला पोषण मिळतं ते पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. त्या थराला अडवून धरणारं आवरण अवघं 2 ते 4 मायक्रॉन जाडीचं, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम विसाव्या भागाइतकं. उतारवयात ते फोडून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या आत घुसतात, पाझरतात, आणि दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागते.

पडद्याच्या या मध्यभागाच्या ऱ्हासाचे, म्हणजे मॅक्युलर डीजनरेशनचे, रुग्ण 2020 मध्ये जगभरात सुमारे 19.6 कोटी असतील आणि 2040 पर्यंत 28.8 कोटी होतील, असा अंदाज 2014 साली संशोधकांनी मांडला होता. त्यांतल्या साधारण 10 ते 15 टक्क्यांनाच हा पाझरणारा प्रकार होतो. पण डोळ्यात द्यायची इंजेक्शनं येण्याआधी या आजारातलं बहुतांश अंधत्व त्याच्याच वाट्याचं होतं.

रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारं काहीतरी पडद्यातूनच स्रवत असावं, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी 1948 मध्ये केला. नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने 1989 मध्ये असंच काम करणारं व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं काढलं. त्याला रोखणारं, डोळ्यात टोचायचं रॅनिबिझुमॅब हे औषध 2006 मध्ये आलं. मात्रा अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक थेंब. चाचणीत ही मात्रा दर महिन्याला घेणाऱ्यांपैकी 34 टक्के रुग्णांना वर्षभरानंतर तक्त्यावरची 15 किंवा अधिक अक्षरं जास्त वाचता आली. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं.

मला मात्र सर्वांत थक्क करतो तो किमतीचा आकडा. व्हीईजीएफलाच रोखणारं बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध. त्याच्या 4 मिलिलिटरच्या कुपीतून, निव्वळ हिशेबाने, डोळ्यासाठीच्या 80 मात्रा निघतात. अमेरिकेत एक मात्रा सुमारे 50 डॉलरला पडे, रॅनिबिझुमॅबची 2,000 डॉलरला. तिथल्या सरकारी खर्चाने सुमारे 1,200 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2011 मध्ये लागला: एकाच वेळापत्रकाने दिल्यास वर्षाअखेरीस दोन्ही औषधांनी नजर सारखीच सुधारते. चाळीसपट किंमत, आणि नजरेत फरक नाही! माझ्या मते ही चाचणी नव्या औषधाच्या शोधाइतकीच मोलाची आहे. भारतात 2015 पासून रॅनिबिझुमॅबचं देशी जैवसदृश औषधही मिळतं.

आता संशोधनाचा भर आहे तो दोन सुयांमधलं अंतर वाढवण्यावर. 2022 मध्ये मान्यता मिळालेलं फॅरिसिमॅब काही रुग्णांना 16 आठवडे पुरतं. जनुकोपचाराच्या चाचण्यांत तर डोळ्याच्याच पेशींना औषध बनवायला लावण्याची खटपट चालू आहे. ती फळाला आली, तर अनेकांना एकच सुई वर्षानुवर्षं पुरेल.